रिठा कसा लागला

"कसं लागतंय?" सगुणाआत्यांनी विचारलं.

पितळी पेल्यातलं ते पाणी तोंडात घेतल्याबरोबर माझी जीभ आक्रसून घशाकडे पळाली होती. दिसायला ताक, वर पांढराशुभ्र फेस, आणि चवीला धोब्याचा घाट. मी तो घोट गिळला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणालो, "छान आहे. गोड आहे."

ओटीवरची कुजबुज एकदम थांबली. मुलीचे वडील गोविंदराव बोत्रे उभे होते, ते भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसले. मला वाटलं, आपल्या सभ्यपणाने माणूस हेलावला. शेजारी बसलेल्या नरहरीमामांकडे मी शाबासकीच्या अपेक्षेने पाहिलं. मामाही खूश होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "आमचा दिगंबर तसा गोडच आहे बोलायला."

हे धादांत खोटं होतं, आणि मामांइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होतो. लोकांच्या पोत्यात काय आहे ते विचारायचं आणि ते सांगतील त्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच माझं काम. त्याची सवय जिभेला लागली होती. एका मुलीच्या घरी मी शिऱ्यात गुठळ्या आहेत म्हणालो. दुसऱ्या घरी मुलीने विणलेला ताजमहाल दाखवला, तर मी घुमट डावीकडे कलल्याचं लक्षात आणून दिलं. दोन्हीकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही, आणि पत्रिका तर आम्ही दिलीच नव्हती. आमच्या शिंपी समाजात बातमी सुईतल्या दोऱ्यासारखी आरपार जाते. त्यामुळे डोंगराच्या कुशीतल्या या लहान गावातलं बोत्र्यांचं स्थळ आलं, तेव्हा एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत मामा मला एकच गोष्ट सांगत होते. पुढे येईल ते खायचं, पुढे येईल ते प्यायचं, आणि विचारलं की छान म्हणायचं. हे स्थळ हुकलं तर यापुढे मी तुझ्याबरोबर येणार नाही, असंही ते म्हणाले. वडील गेल्यावर माझं सगळं मामांनीच केलेलं. मी शब्द दिला.

आता त्या पेल्यात काय होतं ते सांगतो. मला ते नंतर कळलं, पण तुम्हाला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही.

बोत्र्यांच्या परसात रिठ्याचं एक जुनं झाड होतं आणि कुंपणाला शिकेकाईच्या वेली. गोविंदराव गावचे कपडे शिवत आणि त्यांच्या विधवा बहीण सगुणाआत्या गावाची औषधं बघत. बाळंतिणीला शतावरी, पोरांच्या खोकल्याला ज्येष्ठमध, डोक्यातल्या कोंड्याला शिकेकाई, आणि उरलेल्या सगळ्याला रिठा. अर्धशिशी उठली की रिठ्याच्या पाण्याचे थेंब नाकात. छातीत कफ साठला की रिठा उगाळून पोटात, मग उलटीवाटे तो बाहेर. घरात साबण आणायची पद्धतच नव्हती. आम्ही पोहोचलो, तेव्हा एसटीच्या खिडकीचं काळं वंगण माझ्या हाताला लागलेलं होतं. मी साबण मागितला. आत्या म्हणाल्या, पडवीत टोपली आहे, रिठे घ्या त्यातले. पाहुण्याने आपण होऊन जावं, यात मला आपुलकी दिसली. मी पडवीत गेलो. कोपऱ्यात वाळत घातलेल्या शिकेकाईच्या फांद्यांचा ढीग होता आणि त्याच्यामागे टोपली. ढिगावरून वाकून मी टोपलीत हात घातला, तर करंगळीजवळ काहीतरी टोचलं. शिकेकाईच्या फांदीला बारीक वाकडे काटे असतात. काटा लागला म्हणून मी हात झटकला, रिठा घेतला, स्वच्छ हात धुतले आणि ओटीवर येऊन बसलो. फेस मात्र सुरेख झाला होता.

करंगळीच्या कडेला आलेले रक्ताचे दोन ठिपके सगुणाआत्यांनी पाहिले.

काटा लागला की सापकिरडू चावलं, हे त्यांना ठरवायचं होतं, आणि त्यांच्याकडे त्याची एक पद्धत होती. त्यांच्या सासूची, सासूच्या आईची. रिठा पाण्यात घुसळून पाजायचा. विष भिनलं असेल तर माणसाला तो गोड लागतो. मग कडू लागेपर्यंत पाजत राहायचं. कडू लागला की विष उतरलं. एक पथ्य मात्र कडक होतं: माणसाला आधी काही सांगायचं नाही. सांगितलं की माणूस भीतीने खोटं बोलतो.

भीतीशिवायही माणूस खोटं बोलतो, हा विचार त्या घराण्यात कुणी केलेला नव्हता.

"गोविंदा," आत्या शांतपणे म्हणाल्या, "शाळेजवळ पाटबंधारेवाल्यांची जीप उभी आहे का बघ." आणि आत जाऊन त्यांनी दुसरा पेला आणला.

जीप कशाला ते मला कळेना. मी समजलो, मुलीच्या मावशीला किंवा कुणाला तरी आणायचं असेल. दुसरा पेला पहिल्यापेक्षा दाट होता. तेवढ्यात आत्यांनी मामांना बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं, आणि मामांचा चेहरा धुतलेल्या मांजरपाटासारखा पडला.

मामांची अवस्था मला पुढे त्यांनीच वर्णन करून सांगितली. पाण्याला गोड म्हणणारा भाचा खरंच विषाने गोड म्हणतोय की आपण पढवलं म्हणून, हे त्या घरात फक्त त्यांनाच ओळखता आलं असतं. पण सांगायचं तर कबूल करावं लागणार, की मुलाला खोटं बोलायला शिकवून आणलंय. न सांगावं तर भाचा पिऊन पिऊन मरणार. मामांनी मधला मार्ग काढला. माझ्याजवळ येऊन त्यांनी पंच्याखालून मला चिमटा काढला आणि म्हणाले, "दिगू, नीट चव घेऊन सांग हं. घाई नाही."

मी चिमट्याचा अर्थ लावला: मगाशी कमी पडलं. दुसरा पेला मी डोळे मिटून रिकामा केला आणि म्हणालो, "मगाच्यापेक्षाही गोड. असं आमच्याकडे मिळत नाही."

आत बायकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला.

त्यानंतर मला ओकारी आली. ओटीखाली तुळशीपासून जरा अंतर राखून मी बरंच काही बाहेर काढलं. तोंड पुसून वर आलो तर तिसरा पेला तयार. अंगणात माणसं जमायला लागली होती. एक म्हातारा माझ्याकडे बघून मान हलवत होता. गोविंदराव पळत आले, जीप मिळाली म्हणाले, आणि पुन्हा पळत गेले. एवढ्या गडबडीचा मुलगी बघण्याचा कार्यक्रम मी पाहिला नव्हता. आमच्या मागच्या दोन्ही ठिकाणी माणसं निवांत होती. पाय जागच्या जागी हलत होते, उठून कुठेतरी चालू लागावं असं होत होतं. पण शब्द दिला होता. मी पेल्याला हात घातला.

तो हात कुणीतरी अडवला.

ती कालिंदी. नाव मला नंतर कळलं, कारण मुलीला अशा वेळी आतून कुणीतरी आणायचं असतं, तिने खाली मान घालून बसायचं असतं आणि आपण विचारायचं असतं, नाव काय. ही एकटीच तरातरा आली. तिचे केस ओलसर होते, एकच वेणी अर्धवट घातलेली. तिने माझ्या हातातून पेला घेतला, एक घोट तोंडात घेतला आणि ओटीवरून खाली चूळ टाकली.

"हे गोड आहे?" तिने विचारलं.

मी मामांकडे पाहिलं. मामा आढ्याकडे पाहत होते.

"तिकडे नका बघू. मी विचारतेय. खरं सांगा, तुम्हाला साप चावलाय की नाही ते यावर ठरवताहेत."

साप हा शब्द मी त्या घरात तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शब्द दिला होता, स्थळ चांगलं होतं, मुलगी तर समोरच उभी होती. आणि तिला आता जे सांगायचं ते ऐकून ती नाही म्हणणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी म्हणालो, "कडू आहे. कडूजहर. साबण खाल्ल्यासारखं. जन्मात इतकं घाण काही मी तोंडात घातलेलं नाही."

मग जे झालं ते कुठल्याही वधूपित्याच्या घरी झालं नसेल. आपल्या घरच्या पेयाला पाहुणा घाण म्हणाला, म्हणून नुकत्याच परतलेल्या गोविंदरावांनी त्याला मिठी मारली. सगुणाआत्यांनी कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. मामा आढ्यावरून खाली आले आणि भाचा किती संकोची आहे ते सांगू लागले. अंगणातले लोक जरासे निराश होऊन पांगले. जीप दारात येऊन उभी राहिली होती, तिला परत पाठवण्यात आलं. ड्रायव्हर जाता जाता म्हणाला, पुढच्या वेळी आधी ठरवा आणि मग बोलवा.

काटाच होता म्हणायचं. पोह्यांच्या बश्या आल्या. कार्यक्रम रीतसर सुरू झाला.

कालिंदीला आत नेऊन पदर वगैरे नीट करून पुन्हा बाहेर आणलं. ती पाटावर बसली. तिच्याबरोबर तिची बहीणही आली होती, अगदी तिच्यासारखी, जरा खेटून बसलेली. बहीण असल्याचं मामा बोलले नव्हते. पण आता कसलीही चूक करायची नव्हती, म्हणून मी कालिंदीला नमस्कार केला आणि मग बहिणीलाही वेगळा नमस्कार केला.

मामा मोठ्याने हसले. गोविंदरावही हसले. जावई विनोदी मिळतो की काय, असा त्यांचा चेहरा होता. कालिंदी हसली नाही. ती माझ्याकडे रोखून बघत होती.

"हा दुसरा नमस्कार कुणाला केलात?" तिने विचारलं.

"तुमच्या बहिणीला."

"मला बहीण नाही."

मी डोळे चोळायला हात उचलला. पापण्या जड झाल्या होत्या. मला वाटलं, प्रवास आणि उलटी, झोप येत असेल. आता सभ्यपणे हसून म्हणता आलं असतं, की गंमत केली. मामांचा चेहरा तेच सांगत होता.

"किती जणी दिसतात तुम्हाला?" ती म्हणाली.

"दोघी," मी म्हणालो. "मामाही दोन दिसताहेत. ते मात्र जास्त होतंय."

ती पाटावरून उठली ती थेट दारातून बाहेर पळाली. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातून मुलगीच पळून जाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. सगुणाआत्या म्हणाल्या, "अगं, रिठा कडू लागलाय त्यांना. विष असतं तर गोड लागला असता." रस्त्यावरून कालिंदीचा आवाज आला, "आत्या, रिठा राहू दे, त्यांच्या पापण्या बघ." आत्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. त्यांचे स्वतःचे डोळे अगदी जवळ आले, चार होते, आणि चारही घाबरलेले होते. मग त्यांनी कुणाला न विचारता माझा हात फळीला बांधला, हलू नका म्हणाल्या आणि माझ्या पाठीला आधार देऊन मला जीपमध्ये चढवलं. जीप कालिंदीने पाणवठ्याच्या वळणावर गाठली होती. ती कशी गाठली ते ड्रायव्हर पुढे बरेच दिवस सांगत असे आणि दर वेळी ती थोडी जास्त जोरात पळत असे.

तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला तुकड्यातुकड्यानेच आठवतो. मामा पुढे बसून रडत होते. कबुलीजबाब त्यांनी वाटेतच दिला, तोही मोठ्याने: मीच पढवलं त्याला, मीच म्हणालो छान म्हण. गोविंदराव म्हणत होते, नाही हो, आमच्याच घरात झालं. दोघेही चूक स्वतःकडे ओढत होते. सगुणाआत्या माझा हात मांडीवर धरून बसल्या होत्या आणि खड्डा आला की ड्रायव्हरवर ओरडत होत्या. मला गिळायला त्रास होऊ लागला होता. बोलावंसं वाटत होतं, पण जीभ माझी राहिली नव्हती. ज्या जिभेने मला आजवर एवढं नडवलं, ती गेली तर काय होईल, या विचाराने मला इतकं अस्वस्थ केलं की मी फळीला बांधलेला हात सोडवायला लागलो. कालिंदीने तो दाबून धरला आणि म्हणाली, "आता काही बोलू नका. विचारीन तेव्हा बोला."

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पापण्या वर केल्या, मान उचलायला सांगितली आणि लगेच सुई लावली. नागाचं पिल्लू असावं, म्हणाले. पोहोचायला आणखी उशीर झाला असता तर श्वासाची पंचाईत होती. रिठ्याचं ऐकून ते आत्यांना फार बोलले नाहीत. पाणी पाजून वेळ घालवू नका, ओकारीचं श्वासनळीत गेलं असतं, एवढंच म्हणाले. आत्यांनी मान डोलावली. मग डॉक्टरांनी कालिंदीला सांगितलं, यांना झोपू देऊ नका, अधूनमधून काही विचारत राहा. बोलणं पुन्हा बोबडं झालं, धाप लागली, तर हाक मारा.

थोडं बरं वाटू लागलं, तेव्हा संध्याकाळचं ऊन खाटेच्या पायाशी आलं होतं. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर बाकावर मामा आणि गोविंदराव बोलत होते. दोघेही फार गोड बोलत होते. गोविंदराव म्हणत होते, आमच्या दारात मुलाला असं झालं, आता कुठल्या तोंडाने पुढचं बोलायचं. मामा म्हणत होते, छे छे, तसं काही नाही, पण घरी त्याची आई आहे, ती जरा देवभोळी, तिला काय वाटेल. तुम्ही काही मनात आणू नका. तुम्हीही आणू नका. पुढे बघू. कळवतो. हो, कळवा सावकाश.

हे "कळवतो" मला चांगलं ओळखीचं होतं. आधीच्या दोन्ही ठिकाणी तेच ऐकून आम्ही एसटी पकडली होती. मी उठून बसायचा प्रयत्न केला. कालिंदीने खांद्याला धरून मला पुन्हा आडवं केलं आणि स्टूल पुढे ओढलं. दाराबाहेरचं तिलाही ऐकू येत होतं. तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात विचारलं,

"नाव काय तुमचं?"

"दिगंबर," मी म्हणालो. "दिगंबर पतंगे." जीभ अडखळली, पण नाव नीट आलं.

बाहेरचं बोलणं थांबलं.

"नोकरी?"

"जकात नाक्यावर. कारकून."

"कायम?"

मामा खोकत आत आले, त्यांच्यामागे गोविंदराव. मामांनी बोत्र्यांना काय सांगितलं होतं ते मला त्या खोकल्यावरून कळलं.

"नाही," मी म्हणालो. "हंगामी. यंदा होईन म्हणतात. गेल्या वर्षीही म्हणत होते."

गोविंदराव मामांकडे वळले. मामा खाटेच्या लोखंडी दांड्यावरचा रंग नखाने खरवडू लागले.

"स्वयंपाक येतो?"

"चहा येतो. तोही इतरांना आवडत नाही."

"गाणं वगैरे?"

"नाही."

"याआधी किती मुली बघितल्यात?"

"दोन. दोघींकडून नकार आला. चूक माझीच होती, पण शिऱ्यात गुठळ्या होत्या."

सगुणाआत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. कालिंदीने मात्र चेहरा तसाच ठेवला, अगदी पोक्त माणसासारखा, आणि स्टुलावरून पुढे वाकली.

"आता किती जणी दिसतात?"

मी तिच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवसभरात पहिल्यांदाच, कारण दुपारी आधी मी मामांकडे बघत होतो आणि नंतर दोघींकडे. वेणी सुटली होती, पायाला जीपमागे पळतानाचा चिखल तसाच होता. एक कालिंदी पक्की समोर होती. दुसरी पुसट होत तिच्यात सरकत होती.

"दीड," मी म्हणालो.

ती स्टुलावरून उठली आणि वडिलांकडे वळली. "अण्णा, त्यांनी काही कळवायला नको," ती म्हणाली. "मी आत्ताच सांगते. मला पसंत आहे."

गोविंदरावांनी मामांकडे पाहिलं, मामांनी माझ्याकडे. आता काहीतरी शोभेसं बोलायला हवं, म्हणून मी तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प राहा," सगुणाआत्या कोपऱ्यातून म्हणाल्या. "तुमचं बोलून झालंय."